लातूर कोरडं, नांदेड दमट

६ एप्रिल

सापडली! लोहा मागं टाकून माळाकोळीच्या चढावर गाडी उभी केली, खाली उतरले, आणि हवाच निराळी. नांदेडहून निघताना ब्लाउज पाठीला चिकटलेला. इथं ओठ सुकले. मधे फार तर तासाभराचा रस्ता.

यंत्र फिरवलं. यंत्र म्हणजे काय — एका दांड्याला बांधलेले दोन तापमापी, एकाच्या बुडाला ओलं फडकं. गरागरा फिरवायचं. फडकं जितकं झपाट्यानं सुकतं तितका त्याचा पारा खाली उतरतो. दोन पाऱ्यांत फरक जास्त म्हणजे हवा कोरडी. लोह्याला फरक बेताचा होता, माळाकोळीला दुपटीच्या वर. एक म्हातारे सायकल थांबवून बघत राहिले. कुणाची नजर काढून राहिलात का, म्हणाले.

दीपालीला लगेच फोन. दीपाली माझी एम.एस्सी.ची मैत्रीण, लातूरला शिकवते. तिच्या कॉलेजच्या गच्चीवर तीही असंच यंत्र फिरवते. तिच्याकडं सकाळपासून खडखडीत. म्हणजे माझं बरोबर! उन्हाळ्यात बंगालच्या उपसागरावरची दमट हवा नांदेडपर्यंत येते आणि वायव्येकडची कोरडी हवा लातूरपर्यंत. गाठ पडते ती मधेच कुठंतरी — कधी लोह्याला, कधी अहमदपूरला, कधी जळकोटच्या डोक्यावर. ती गाठ म्हणजे रेषा, आज सापडली ती. समोरासमोर आल्यावर दोघींना पुढं सरकायला जागा नाही. एकच वाट उरते, वरची. दमट हवा वर चढली की ढग. लई वर चढली की वीज.

बाकीच्यांच्या बायका माहेरी जातात, माझी रेषेवर जाते — हे संघपालचं, परत येताना. दिवसभर गाडी त्यानं चालवली, रेल्वे ऑफिसची एक सुट्टी गेली. पुढच्या वेळी मीच चालवणार. हात बसलाय आता.

८ एप्रिल

विभागप्रमुख वैजनाथ सरांनी बोलावलं. अंदाज द्यायला सरकारी खातं आहे मॅडम, तुम्ही बी.एस्सी.चा पोर्शन संपवा.

पोर्शन केव्हाच संपलाय. आणि खात्याशी माझं भांडण नाही. ते इशारा देतात, खराच देतात — जिल्ह्यात पुढचे काही दिवस तुरळक ठिकाणी विजा. पण रोजानं जाणारी बाई आठवडाभर घरी बसू शकत नाही. तिला हवंय ते एवढंच — आज की उद्या, आणि माझ्या गावाच्या अलीकडं की पलीकडं. तेवढं मला सांगता येईल. खात्री आहे.

सरांना हो म्हणाले आणि गच्चीवर गेले.

१३ एप्रिल

गावी. जळकोटपासून जवळ. विहाराला निळा रंग देणं चाललेलं, उद्याची तयारी. आत्या दारातच भेटल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई. बायांच्या टोळीच्या मुकादमीन. सकाळी दारोदार हाक मारायची, बाया गोळा करायच्या, ज्याचं काम असेल त्याच्या रानात न्यायच्या, दिवस मावळता परत आणायच्या. सासरे गेले तेव्हा संघपाल लहान होता. तो शिकला तो या हाकेवर.

मागच्या मे महिन्यात शेजारच्या शिवारात चिंचेखाली भाकरी खायला बसलेल्या दोघी वीज पडून जागीच गेल्या. त्यातली महामाया आत्यांची जिवाभावाची. आत्या त्यावर बोलत नाहीत.

मी सरळच विषय काढला. ज्या दिवशी रेषा आपल्या बाजूला असेल त्या दिवशी सकाळी फोन करीन. त्या दिवशी बाया दुपारपर्यंत घरी. असला ढग सहसा दुपार कलल्यावरच उठतो — वर गरम हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो, ऊन चांगलं तापल्याशिवाय तो फुटत नाही. म्हणजे सकाळ आपली.

आत्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “आन् न्हाई पडली तर?”

“तर त्या दिवशी माझं चुकलं.”

“एक बार चुकलं तर मी सांभाळून घेईन. दर बार चुकलं तर बाया माझी हाक बी ऐकायच्या न्हाईत.” मग म्हणाल्या, “कर फोन.”

परत निघताना आत्यांनी यंत्र हातात घेऊन बघितलं. खुळखुळा म्हणतात त्याला.

१४ एप्रिल

जयंती. नांदेडात केवढी मिरवणूक! सगळं शहर रस्त्यावर. पूर्वेला झेंड्यांच्या वर ढगांची रांग लागलेली, मी तिकडंच बघत चालले होते. संघपालनं डोकं धरून खाली वळवलं.

२० एप्रिल

सिद्धलिंगप्पांना भेटले. या दिवसांत टोळी जास्त करून त्यांच्याच रानात असते. उन्हाळी भुईमुगाची खुरपणी, पलीकडच्या तुकड्यात तुरीची धसकटं वेचणं. त्यांनी मान्य केलं नाही तर आत्यांची हाक आणि माझा फोन, दोन्ही फुकट.

मला वाटलं होतं उडवून लावतील. आधी हसलेच — आता ढगाला विचारून काम लावायचं व्हय? पण नंतर बांधावर बैठक मारली आणि विचारत सुटले. कोरडी हवा कुठून येते? मग ती रोज एका जागी का थांबत नाही? मी मातीत काडीनं नकाशा काढला. दुपारी ऊन कोरड्या हवेला पूर्वेकडं ढकलतं, सांज झाली की दमट हवा परत पश्चिमेकडं येते, म्हणजे रेषा दिवसभर हलती असते, असं सांगितलं. काडी माझ्या हातून घेऊन त्यांनी स्वतःचं रान कुठं येतं ते नकाशात दाखवलं. बरोबर जागी दाखवलं.

उमाकाकूंनी — त्यांच्या मंडळींनी — घरी चहा दिला. गुडघ्यांनी बेजार आहेत, उंबऱ्याबाहेर फारसं पडत नाहीत. मुलगी सासरी, मुलगा हैदराबादला. दोघंच असतात.

शेवटी अप्पांनी आत्यांना सांगितलं, फोन आला त्या दिवशी तांबडं फुटायच्या आत बाया आणा, दुपारी सुट्टी, रोज पुरा.

असा माणूस! गाडीत मोठ्यानं गाणं म्हणत आले.

२४ एप्रिल

पहिला फोन केला. लातूर कोरडं, नांदेड दमट, उपग्रहाच्या चित्रात रेषा जळकोटच्या अंगावर. बाया दुपारी घरी.

आभाळ स्वच्छ. एक ढग नाही. संध्याकाळी तर चांदण्यासुद्धा लख्ख.

आत्यांचा आवाज फोनवर साधाच होता. बाया हसल्या म्हणे. मास्तरणीच्या सुनेनं सुट्टी दिली, असं कुणीतरी म्हणालं. मास्तरीण मी, सून मी, दोन्ही मीच!

२५ एप्रिल

कळलं!! झाकण. हैदराबादला रोज सकाळी फुगा सोडतात, वरच्या हवेचे आकडे सगळ्यांना बघायला मिळतात. मी कालचे बघितलेच नव्हते. झाकण जाडजूड. खाली रेषा होती, हवा वर चढतही होती, पण त्या थराला धडकून परत फिरत होती. म्हणजे नुसती रेषा पुरत नाही. रेषा हवी आणि झाकण पातळ हवं.

चूक सापडली की माझा मूड चांगला होतो. दीपाली म्हणते, तू विचित्र आहेस.

२९ एप्रिल

रेषा आहे, झाकण जाड. बायांना कामावर जाऊ द्या म्हणाले. ढग आला नाही. नाही म्हणजे नाही.

३ मे

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी सगळं जुळलं होतं. रेषा अहमदपूरच्या पूर्वेला, झाकण पातळ, नांदेडात श्वास घ्यायला जड. आत्यांना फोन केला. त्यांनी फक्त, “पक्कं?” विचारलं. मी पक्कं म्हणाले. आदल्या खेपेचं हसणं डोक्यात असूनही म्हणाले.

बाया दुपारी घरी पोचल्या. चार वाजायच्या आसपास ढग उठला. सिद्धलिंगप्पांच्या विहिरीजवळचं लिंबाचं झाड वरपासून खालपर्यंत उभं चिरलं गेलं. साल लांबवर उडून पडली. त्या झाडाखाली टोळी रोज पाणी प्यायला बसते. उन्हाची वेळ, म्हणजे त्या वेळी बसलेलीच असती.

आत्यांनी सांगितलं, बाया झाड बघायला गेल्या. मग कावेरीबाई — तीच, सुट्टी दिली म्हणून हसणारी — झाडाच्या बुंध्याशी जाऊन मटकन खाली बसली. तिची लेक टोळीत आहे.

फोन ठेवताना आत्या म्हणाल्या, “महामायेच्या येळी तू असतीस तर.”

रडले. मग उठून उद्याचे आकडे बघितले.

४ मे

आज नाही. बायांना कळवलं.

६ मे

कालपासून फोनच फोन. पलीकडच्या दोन गावांच्या मुकादमिनींनी आत्यांकडून नंबर घेतला. जळकोटच्या शाळेतल्या एक शिक्षिका विचारतात, पोरांच्या खेळाचं शिबिर कोणत्या दिवशी ठेवू. वैजनाथ सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, आमच्या मेव्हण्याच्या लग्नाला मांडव घालावा का? घाला म्हणाले, पण दुपारचं लग्न सकाळी घ्या. घेतोय म्हणे!

दीपालीनं तिच्या विभागात आमचे सगळे आकडे दाखवले. पुण्याच्या परिषदेला पाठवायचं म्हणतेय. पाठवू. का नाही पाठवायचं? चांगलं काम आहे. मला माहितीये चांगलं आहे.

११ मे

सुट्ट्या लागल्या. चार दिवस गावीच. भुईमूग काढणं सुरू. सकाळी टोळीबरोबर रानात गेले, वेल उपटले, शेंगा तोडल्या. कंबर राहिली नाही. बाया मला बघून हसतात, पण आता त्या हसण्यात निराळं काही आहे. कावेरीबाईनं स्वतःची भाकरी मोडून अर्धी हातावर ठेवली.

सिद्धलिंगप्पा मला बघितलं की काम टाकून येतात. आज दक्षिणेला लांब, बिदरकडं ढग दिसत होते. एकटक बघत विचारलं, “त्यो ढग कुठून येऊन न्हाई राहिला. जाग्यावरच पैदा हून राहिलाय. कामून?”

किती नेमका प्रश्न! माझी तिसऱ्या वर्षाची पोरं हे विचारत नाहीत. मी म्हणाले, बरोबर बघितलंत अप्पा, तो ढग आलेला नाही, तिथंच झालाय, त्याच्या पायाखाली रेषा आहे. मग बराच वेळ आम्ही दोघं उभे. एक ढग वर गेला, जिरला. दुसरा त्याच जागी उठला. हा टिकेल का, असं ते दर खेपेला विचारायचे. मी सांगायचे. तीनदा बरोबर आलं. त्यांनी पटका काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, आता माझ्या पोराला सांगतो, हैदराबादला काय बसलास, इथं बघ.

निघताना ओल्या शेंगांची पिशवी. नको म्हटलं तर गाडीच्या सीटवर ठेवून निघून गेले.

१४ मे

नांदेड. शेंगा उकडल्या. संघपालनं एकट्यानं निम्म्या खाल्ल्या.

१६ मे

काल फोन केला, वीज पडली — जळकोटच्या खाली, ओढ्याच्या पलीकडं, रिकाम्या माळावर. आज नाही म्हणाले, आज नाही. हातात बसल्यासारखं वाटायला लागलंय. आधी आकडे मांडायचे, मग विचार करायचा. आता चित्र बघितलं की आधीच कळतं आणि आकडे त्याला हो म्हणतात.

संघपाल म्हणतो, जरा जपून. त्याला वाटतं मी चुकले तर मला झेपायचं नाही. चुकले होते की! झेपलं.

१८ मे

आजचा दिवस जन्मभर विसरायची नाही.

सकाळी उठल्या उठल्या गच्चीवर. हवा इतकी ओली की यंत्र फिरवलं तरी दोन पारे शेजारी शेजारीच. लातूरला दीपालीकडं ओठ फुटायची पाळी. इतका मोठा फरक या उन्हाळ्यात एकदाही आला नव्हता. फुग्याच्या आकड्यांत झाकण पातळ, दुपारपर्यंत नक्की फुटणार. आत्यांना फोन केला. म्हणाले, आज जोरात आहे, आज कसलीच जोखीम नको, बारा वाजायच्या आत सगळ्या घरी. हाव म्हणाल्या. पलीकडच्या दोघी मुकादमिनींनाही सांगितलं.

मग गाडी काढली, एकटीनं. लोहा, माळाकोळी, अहमदपूर. दर थांब्याला यंत्र. अहमदपूरपर्यंत दमट! शिरूर ताजबंदच्या पुढं चार-पाच गावं गेले आणि एकदम कोरडं. परत फिरले, दमट. पुन्हा पुढं, कोरडं. एका बाजूला वारा पूर्वेकडून पाठीवर, जरा पुढं गेलं की समोरून तोंडावर पश्चिमेचा. मधल्या पट्ट्यात रस्त्यावरचा पाचोळा गोल फिरत होता. तिथून दुपारी रेषा पूर्वेकडं सरकली की थेट जळकोटच्या अंगावर.

उंचवट्यावर गाडी लावली, टपावर टेकून बसले. आधी काहीच नाही. मग छोटे छोटे ढग, बुडं सपाट, कुणी दोरी धरून मांडल्यासारखे उत्तर-दक्षिण रांगेत. रेषा डोळ्यांना दिसत होती! यंत्र नको, काही नको. आभाळातच आखलेली. त्यातले बरेच उठले आणि जिरले. मग जळकोटच्या बाजूचा एक जिरला नाही. फुलकोबीसारखा फुगत गेला, त्याच्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. बघता बघता माथा इतका उंच की मान दुखली. माथ्याची कड धूसर झाली, केस विंचरल्यासारखी, म्हणजे वर बर्फ झालं. मी मोठ्यानं म्हणाले, आता. आणि पहिली वीज आत चमकली. मी सांगितलं आणि चमकली!

मग धुळीची भिंत आली तशी गाडीत बसले. काचेवर गारा. आत बसून हसत होते एकटीच.

पाऊस ओसरल्यावर आत्यांना फोन. बराच वेळ लागला नाही, वीज गेलेली. शेवटी लागला. सगळ्या घरी? “हाव. सगळ्या घरी. लई आवाज झाला बाई, पण सगळ्या घरी.” पलीकडच्या दोन्ही टोळ्याही घरी. कुठल्या दिशेला जास्त पडल्या ते विचारणार तेवढ्यात फोन कटला.

अशा ढगाखाली आज आमच्या शिवारात एक माणूस नव्हतं. सगळं रान मोकळं. ते माझ्यामुळं. बाहेर कुणापुढं असं म्हणणार नाही, पण इथं लिहिते — माझ्यामुळं.

पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण तालुका घ्यायचा. मग उदगीर. मग बघू.

१९ मे

पहाटे आत्यांचा फोन. सिद्धलिंगप्पा गेले. काल, खळ्यावर, वीज पडून. दिवस मावळता सापडले.

शेंगा वाळत घातलेल्या होत्या. बाया निघाल्या तेव्हा आत्यांनी त्यांनाही चला म्हटलं होतं. व्हा पुढं, एवढं झाकतो आन् आलोच, म्हणाले. ताडपत्रीचा एक कोपरा दगडाखाली दाबलेला होता. दुसरा त्यांच्या हातात.

दुपारी माती झाली. उमाकाकूंनी मला जवळ बसवून घेतलं, हात सोडला नाही. राग नव्हता त्यांच्या आवाजात.

“बाया असत्या तर घटकाभरात झाकून झालं असतं, माय,” म्हणाल्या. “एकट्याला लई येळ लागला त्यांना.”